टाकीवर ग्रुपात एक प्रश्न विचारला, पंचवीस लाखांची नोटीस आली. जाणकारांनो, इकडं या

तावरजाकाठ

राम राम मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचत असतो. आज गळ्याशी आलंय म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर. माझं छोटं कृषी सेवा केंद्र आहे. गावात जलजीवन मिशनची टाकी झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात येणार असं ग्रामसभेत सांगितलं होतं. टाकीला निळा रंग दिला, घरोघर नळ बसवले. आजपर्यंत थेंब नाही. तोट्या पोरांनी काढून भंगारात घातल्या, नळाच्या उभ्या पाइपाला आता लोक शेळ्या बांधतात.

एप्रिलात एक दिवस टँकर आलाच नाही. आई सत्तरीची, दोन घागरी घेऊन दुपारभर रांगेत बसून रिकाम्या हातानं परत आली. त्या रात्री साडेदहाला मी गावाच्या व्हाट्सअप ग्रुपात टाकलं:

"टाकी उभी राहून अठरा महिने झाले. पाणी एक दिवस नाही. पैसे कोणाच्या घशात गेले? ठेकेदार आणि त्याचे गावातले सोयरे सांगतील का?"

ग्रुपात २४० माणसं. अंगठे पडले, हसरी तोंडं पडली, दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. मीपण विसरलो.

परवा पोस्टमन आला. दुकानात सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी, सगळ्यांच्या देखत सही घेतली. लांबडं पाकीट, आत इंग्रजीत चार पानं, पुण्याच्या वकिलाची. मुलीनं वाचून सांगितलं: पंधरा दिवसांत त्याच ग्रुपात बिनशर्त माफी मागा, पंचवीस लाख भरपाई द्या, नसता दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद दोन्ही लावू. माझं दुकान आतल्या मालासकट विकलं तरी पंचवीस लाख येत नाहीत.

मला तीन गोष्टी सांगा. पोलीस उचलून नेतील का? माफी मागून टाकू का? आणि रोज बातम्यांत येतं की कोर्टानं बोलण्याच्या हक्काच्या बाजूनं निकाल दिला, ते निकाल आमच्यासारख्याला लागू होतात का नाही?

ज्वारीची_भाकर

भाऊ, माफी मागून मोकळे व्हा. आमच्या चुलत्यानं बांधाच्या भांडणात कोर्टाची पायरी चढली. बांध गेला, बैलजोडी गेली, वकिलाची फी मात्र अजून फिटायलीय.

ढेकूळ

कशाची माफी! आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच उडवलंय. ऑनलाइन काहीही लिहा, कोणी काही करू शकत नाही. घाबरता कशाला?

काळाकोट

ढेकूळ, तुमच्या असल्या सल्ल्यावरच आमची पोटं चालतात.

६६अ गेलं हे खरं. श्रेया सिंघल निकाल, २४ मार्च २०१५. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरून अटक झाली, तिथून ते प्रकरण सुरू झालं. पण बदनामीचं कलम वेगळं, ते जागेवर आहे. आधी भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं. घर बदललं, माणूस तोच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्यानं आली ती समाजसेवेची शिक्षा.

हे कलमच घटनाबाह्य ठरवा म्हणून सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी, अरविंद केजरीवाल असे एरवी एका ताटात न जेवणारे लोक एकत्र सुप्रीम कोर्टात गेले होते. १३ मे २०१६ ला न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्ल पंत यांनी निकाल दिला की कलम वैध आहे. माणसाची अब्रू हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग, असं धरलं. तो निकाल आजही कायम आहे.

आता तावरजाकाठ, तुमच्याकडं वळतो. मी तालुका कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालतोय. कागद न बघता बोलतोय, तेव्हा हे चावडीवरचं बोलणं समजा आणि तुमचा वकील तुम्ही गाठा.

पोलीस उचलणार नाहीत. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ठाण्यात फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, होईल. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढं खासगी फिर्याद करायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नं एक चांगली गोष्ट केलीय: असल्या फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. पूर्वी आरोपीला समन्स दारात आल्यावरच कळायचं. शिवाय फिर्याद पुण्यात केली आणि तुम्ही त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहता, तर समन्स काढण्याआधी चौकशी बंधनकारक आहे. यावर २०२५ च्या फेब्रुवारीतच सुप्रीम कोर्टानं एका इंग्रजी दैनिकाच्या संपादकांवरचा खटला रद्द केला. चौकशी धड केली नव्हती, आणि कोणी नेमकं काय केलं हे फिर्यादीत नव्हतं.

माफीची घाई नको. लेखी माफी म्हणजे उद्या त्यांच्या हातात तुमच्याच सहीचा कबुलीजबाब. पण नोटीस कोनाड्यात टाकून बसू पण नका. मुदतीत उत्तर द्या.

खरी मेख तुमच्या मेसेजमध्ये आहे. पहिली दोन वाक्यं ही वस्तुस्थिती आहे, टाकी आहे आणि पाणी नाही. त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. अडचण "घशात" या एका शब्दाची.

ढेकूळ

पण त्यांनी प्रश्न विचारलाय. पुढं प्रश्नचिन्ह आहे. नावपण घेतलेलं नाही.

काळाकोट

प्रश्नचिन्हानं सुटका होत असती तर गावोगावच्या पारावर प्रश्नचिन्हंच विकायला ठेवली असती. कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की आडून, उपरोधानं केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. नावाचं म्हणाल तर गावात टाकी एक, ठेकेदार एक. वाचणाऱ्याला कळलं की झालं. "सोयरे" लिहून तर त्यांनी आणखी चार घरं अंगावर घेतली.

म्हणून त्यांचा बचाव "मी नुसतं विचारलं" हा नाही. कलमाला दहा अपवाद आहेत, बचाव तिथून काढायचा. पहिला अपवाद खरेपणाचा. पण लक्षात घ्या, फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणीत खरं असलं की पुरतं. तिसरा अपवाद सार्वजनिक प्रश्नावरच्या कोणाच्याही वागण्याबद्दल सद्भावनेनं दिलेल्या मताचा. सरकारी पैशाची पाणी योजना सार्वजनिक नाही तर काय आहे? माझा भर याच्यावर राहील.

आता "सद्भावना". अशील येतो, छातीवर हात ठेवतो, "साहेब, माझ्या मनात काही वाईट नव्हतं." कायद्यातली सद्भावना छातीत बघत नाहीत. पुरेशी काळजी आणि लक्ष घालून केलं का, एवढंच बघतात. म्हणजे बोलण्याआधी तुम्ही काय तपासलं? कोणता कागद बघितला?

तावरजाकाठ

खरं सांगू का वकीलसाहेब, काहीच नाही. आई रिकाम्या घागरी घेऊन आली एवढंच बघितलं होतं.

काळाकोट

मग आता बघा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लावून. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, दिलेली बिलं आणि मोजमाप पुस्तिकेच्या नकला मागा. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला खात्यात सगळे 'एमबी' म्हणतात ती. किती खोदलं, किती पाइप टाकला, चाचणी कधी घेतली, सगळं त्यात असतं.

१९९४ च्या राजगोपाल निकालात, म्हणजे तमिळनाडूच्या ऑटो शंकर प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सार्वजनिक दप्तरात जे आहे ते छापायला अडकाठी नाही. त्याच निकालात असंही आहे की सरकार, स्थानिक संस्था यांना स्वतःच्या बदनामीचा भरपाई दावा लावता येत नाही. म्हणजे झेडपी तुमच्यावर असा दावा लावू शकत नाही. ठेकेदार लावू शकतो, तो खासगी माणूस.

आणि हेच तुम्ही ग्रुपाऐवजी आधी झेडपीच्या सीईओंना, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, लेखी दिलं असतं तर? आठवा अपवाद: अधिकार असलेल्या माणसाकडं सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामी होत नाही. आपल्याकडं लोक उलटं करतात. अर्ज द्यायला भितात आणि ग्रुपात तलवार काढतात.

गोदातीर

काळाकोट साहेब, मुद्देसूद लिहिलंत. पण मी परभणीकडं बारा वर्षं वार्ताहर आहे, थोडं आमच्या बाजूचं ऐका.

२०२४ च्या मार्चमध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खटला चालायच्या आधीच लेख काढायला लावणारा मनाईहुकूम अपवादानंच द्यावा. आरोप धादांत खोटा दिसत असेल तरच. पैसेवाले दाव्यांनी पत्रकारांची तोंडं बंद करतात हेही कोर्टानं नोंदवलं. आम्ही तो निकाल मोबाइलवर एकमेकांना पाठवला, खूश झालो. त्याच महिन्यात मी वाळूची बातमी दिली आणि पेपरच्या मालकांनी फोन केला: "बातमी खरी आहे का, ते विचारत नाही. तारखांना तू जाशील का, ते सांग." बातमी पडून राहिली.

म्हणजे बघा, दावा लागलाच नव्हता, नोटीसही आली नव्हती. मनाईहुकूम कोणीच दिला नाही, आणि बातमी गेली. त्यावर कोणत्या कोर्टाचा निकाल शोधायचा?

बदनामीच्या खटल्यात शिक्षा किती जणांना होते? बघायला गेलं तर शिक्षेची गरजच पडत नाही. जबाबाला जा, हजेरी माफीचा अर्ज द्या, फिर्यादी आजारी, न्यायाधीशांची बदली, पुढची तारीख. हिंगोलीचा माणूस पुण्याच्या तारखेला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातो आणि दुपारी बारा वाजता "पुढील दिनांक" ऐकून परत निघतो. काढून टाकावं हे कलम.

मोंढा_नाका

वाचनखूण साठवली.
अवांतर: ग्रुपचा ॲडमिन मी आहे (वेगळ्या गावच्या). माझ्यावर पण येतं का हे लचांड?

काळाकोट

नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी होत नाही. दोघांचा आधीचा बेत होता हे दाखवावं लागतं. तुम्ही स्वतः तो मजकूर पुढं ढकलला तर मात्र तुम्ही ॲडमिन म्हणून नाही, पाठवणारा म्हणून आत.

ढेकूळ

मग कोल्हापूरच्या प्राध्यापकाचं काय? त्याच्या व्हाट्सअप स्टेटसवरचा गुन्हा रद्द झालाच की सुप्रीम कोर्टात.

काळाकोट

झाला, ७ मार्च २०२४. ३७० रद्द झालं तो दिवस काळा दिवस, असं स्टेटस होतं. मार्च २०२५ मध्ये खासदार इमरान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातचा गुन्हाही रद्द झाला. दोन्हीकडं कोर्टानं सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या मापानं मोजायचा. जो प्रत्येक टीकेत धोका बघतो त्याच्या मापानं नाही. हे माप मूळचं नागपूरच्या जुन्या हायकोर्टातलं, न्यायमूर्ती विवियन बोस यांचं, स्वातंत्र्याच्या आधीचं.

आणि लांब कशाला जाता? आपल्या औरंगाबाद खंडपीठानं फेब्रुवारी २०२० मध्ये माजलगावच्या आंदोलनाला परवानगी नाकारणारे आदेश रद्द केले. एका कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. निजामाच्या काळात ह्याच मुलखात गश्ती निशान ५३ नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. तिथून इथपर्यंत आलोय, हे कमी नाही.

पण ही सगळी प्रकरणं नागरिक विरुद्ध सरकार अशी आहेत. बदनामीत समोर सरकार नसतं, दुसरा माणूस असतो आणि त्यालाही हक्क असतो. म्हणून ते निकाल इथं जसेच्या तसे चिकटत नाहीत. तावरजाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

पळसफूल

मी कधी लिहीत नाही. पण सगळे दादा लोक ह्या कायद्याला शिव्या द्यायलेत म्हणून लिहिते.

मी अंगणवाडी सेविका आहे. तीन गावं सोडून माहेर आहे. दीड वर्षामागं गावच्या ग्रुपात एकानं टाकलं की मी पोषण आहाराची पाकिटं विकते. त्याच्याखाली दुसऱ्यानं माझ्याबद्दल आणि एका माणसाबद्दल एक ओळ लिहिली, ती इथं लिहायची माझी तयारी नाही. मी ग्रुपात नव्हते. मला माझ्या पोरानं दाखवलं, सातवीतल्या. त्यानं मोबाइल पुढं केला आणि दुसरीकडं बघत उभा राहिला.

ठाण्यात गेले तर एनसीचा कागद हातात दिला, "कोर्टात जा बाई" म्हणले. चौकशीत साठा बरोबर निघाला. ती चौकशीची गोष्ट ग्रुपात कोणी टाकली नाही. आता तुम्ही म्हणता हा कायदा काढून टाका. काढा. पण मग मी कुठं जायचं ते पण लिहा.

काळाकोट

ताई, तुमच्या बाबतीत ठाण्यात चुकलं. पाकिटांबद्दलचं वाक्य बदनामीचं, ते अदखलपात्र. पण खालची ओळ स्त्रीच्या शीलाबद्दलची असेल तर न्याय संहितेचं कलम ७९ लागू शकतं, जुनं ५०९. ते दखलपात्र आहे, पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो. घटना जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं कलम.

मुदतीचं सांगतो. भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात लावावा लागतो, तुमचं ते वर्ष गेलं. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं असतात, ती वाट उघडी आहे. स्क्रीनशॉट आणि तो मोबाइल सांभाळून ठेवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय स्क्रीनशॉटला कोर्टात किंमत नाही. तालुका विधी सेवा समितीकडं जा, महिलेला उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो.

पळसफूल

एक वर्षाचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

गोदातीर

ताई, माफ करा. माझा राग कायद्यात तुरुंग का आहे यावर आहे. भरपाई द्या, खुलासा छापायला लावा, पण दोन वर्षं कैद कशाला? इंग्रजांनी १८६० च्या संहितेत हे कलम आपल्याला दिलं आणि स्वतःच्या देशात फौजदारी बदनामी २०१० पासून मोडीत काढली. श्रीलंकेनं २००२ मध्येच काढली. आपल्याकडं २०२५ च्या सप्टेंबरात न्या. सुंदरेश एका सुनावणीत तोंडी म्हणाले की हे सगळं गुन्ह्यातून बाहेर काढायची वेळ आलीय. तोंडी म्हणाले, आदेश नाही, पण म्हणाले.

काळाकोट

आणि दिवाणी कोर्टात दावा लावायला कोर्ट फी लागते, मागणी मोठी तशी फी मोठी. पंचवीस लाखांचा दावा लावणं ठेकेदाराला जमतं. अंगणवाडीच्या मानधनावर जमत नाही. तुरुंगाचं कलम काढलं तर ताईंच्या हातात उरतं काय? मी अशिलांसाठी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. फिर्यादी गरीब आणि आरोपी गबर असा बदनामीचा खटला बावीस वर्षांत मी दोनदा पाहिला. दोन्ही फिर्यादी मध्येच थकल्या. तरी कलम काढा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दखल घेण्याआधीची गाळणी बारीक करा, एवढंच म्हणेन.

गोदातीर

गाळणी तुमच्यासारख्या वकिलाच्या हातात असली तर ठीक.

ज्वारीची_भाकर

मी आपलं माफीचंच म्हणतो. केजरीवालांनी २०१८ मध्ये गडकरींची माफी मागून खटला मिटवलाच की. हा गुन्हा आपसात मिटवता येतो.

काळाकोट

येतो. त्यांना एवढे खटले झेपत नव्हते. ह्यांच्यावर अजून एकही नाही.

तावरजाकाठ

धागा वर काढतोय, दोन महिने झाले.

नोटिशीला उत्तर दिलं, लातूरच्या वकिलाकडून, मराठीत. मसुदा चार वेळा झाला. मला लिहायचं होतं "जे बोललो ते खरंच बोललो". वकिलानं ते खोडलं. पाणी आलेलं नाही हे ठामपणे लिहिलं. "घशात" हा शब्द योजनेच्या पैशाच्या हिशेबाबद्दल विचारणा या अर्थी होता, कोणा एकावर चोरीचा आरोप नव्हता, असं लिहिलं. "सोयरे" मात्र माझा मलाच सोडवला नाही. ते वाक्य मी मागे घेतो असं उत्तरात कळवलं. माफी हा शब्द कुठंच नाही.

माहिती अधिकारात पहिल्यांदा "माहिती संकलित करणे सुरू आहे" असं आलं. अपिलाचा अर्ज दिला तेव्हा एमबीच्या नकला मिळाल्या, सही-शिक्क्याच्या. त्यात चाचणी झाल्याची नोंद आहे, टाकीत पाणी चढवलं, गळती नाही, असं. तारीख बघितली आणि मी घरी जाऊन पत्र्याची पेटी उघडली. ग्रामपंचायतीत टँकरच्या खेपांची वही असते, तिच्या पानांचे फोटो आमच्या पोरांनी काढून ठेवले होते. त्या तारखेला गावात दोन खेपा झाल्यात, सरपंचाची सही आहे. अर्थ काय काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा, मी आता शब्द जपून वापरायला शिकलोय. दोन्ही कागद जोडून सीईओंना अर्ज दिला, पोच घेतली.

पुण्याहून पुढं काही आलेलं नाही. वकील म्हणतात, फिर्यादीला तीन वर्षं मुदत आहे, विसरू नका. पोस्टमन दुकानासमोरून गेला की बायको अजून हातातलं काम थांबवते.

ढेकूळ

जिंकलात की! कागद ग्रुपात टाकले का?

तावरजाकाठ

टाकायला गेलो होतो. ॲडमिननं सेटिंग बदललंय, आता फक्त ॲडमिनच लिहू शकतात. नोटीस आली त्याच आठवड्यात बदललं म्हणे. तेव्हापासून ग्रुपात रोज सकाळी सुप्रभात येतं आणि कोणी वारलं तर अंत्यविधीची वेळ.

मोंढा_नाका

अन् पाणी?

तावरजाकाठ

पावसाळा आहे, पागोळ्यांखाली घागरी लावतो. काल दोन माणसं टाकीवर चढली होती, पाइपाचं माप घेत होती. कोण होती विचारायला गेलो तोवर गाडी निघून गेली.